वर्गणी की भाडे?

चौदा ऑक्टोबर ही तारीख नागपूरला १९५६ सालच्या धम्मदीक्षेमुळे पाठ आहे. २०२५ साली याच तारखेला, दिवाळी आठवड्यावर आलेली असताना, आणखी एक गोष्ट घडली आणि तिची फारशी वाच्यता झाली नाही. मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने ‘ऑफिस २०१६’ आणि ‘ऑफिस २०१९’ या कचेरीकामाच्या संचांचा आधार त्या दिवशी काढून घेतला. हे संच ज्या ‘विंडोज १०’ प्रणालीवर बहुतेक ठिकाणी चालत, तिची नियमित मुदतही त्याच दिवशी संपली. यंत्रे बंद पडली नाहीत. पत्रे टंकली गेली, पगारपत्रके निघाली. फक्त यापुढे या संचांत एखादे भगदाड आढळले तर ते बुजवण्याची जबाबदारी कंपनीवर उरली नाही.

ज्यांनी हे संच रोख पैसे मोजून घेतले होते, त्या कामगार संघटना, पतसंस्था, शिक्षण मंडळे आणि वकिलांच्या कचेऱ्या यांच्यापुढे तेव्हापासून एक प्रश्न उभा आहे. सीताबर्डीवर चौकशीला गेलेल्या हिशेबनिसाला दुकानदार तो चार शब्दांत विचारतो: विकत हवे की महिन्याचे? वरवर पाहता हा कारकुनी प्रश्न आहे. दोन दरपत्रके मागवावीत, कार्यकारिणीपुढे ठेवावीत, स्वस्त ते मंजूर करून घ्यावे आणि पुढच्या विषयाकडे वळावे. परंतु ज्या कचेरीत सभासदांची यादी, संपाच्या दिवसांतील इतिवृत्ते, ग्रॅच्युइटीच्या दाव्यांचे कागद आणि आणे-पैशांपासूनचे हिशेब ठेवलेले असतात, तिथे हा प्रश्न संस्थेचे दप्तर कोणाच्या ताब्यात राहणार, असा होतो. त्याचा निकाल दरपत्रकाच्या शेवटच्या ओळीवरून लावता येत नाही.

महिन्याच्या या पद्धतीला विक्रेते ‘सबस्क्रिप्शन’ म्हणतात आणि मराठीत त्याचे भाषांतर बिनदिक्कत ‘वर्गणी’ असे केले जाते. वर्गणी या शब्दाला महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात एक प्रतिष्ठा आहे. वर्गणीतून वाचनालये उभी राहिली, संपकऱ्यांच्या घरी धान्य पोचले, ध्येयवादी नियतकालिके तग धरून राहिली. वर्गणी देणारा त्या संस्थेचा काही एक मालक असतो. सर्वसाधारण सभेत उभा राहून तो हिशेब मागू शकतो. साप्ताहिकाची वर्गणी थकली तर पुढचा अंक येत नाही, एवढेच. मागचे अंक कपाटातून कोणी उचलून नेत नाही, आणि त्यांच्या समासात टिपण करण्याचा वाचकाचा हक्कही कोणी काढून घेत नाही.

‘मायक्रोसॉफ्ट ३६५’ची मुदत संपल्यावर काय होते ते पाहावे. यंत्रावरचा संच केवळ वाचण्यापुरता उरतो. जुनी फाइल उघडता येते, छापता येते. पण तिच्यात एक अक्षर बदलता येत नाही, आणि नवा कागद सुरू करता येत नाही. व्यावसायिक योजनांत कंपनीच्या साठवणगृहात ठेवलेले दप्तर ठराविक मुदतीनंतर पुसून टाकले जाते. याला वर्गणी म्हणणे हा त्या शब्दावर अन्याय आहे. हे भाडे आहे, आणि तेही असे की ज्याचा दर ठरवताना भाडेकरूला बोलावले जात नाही.

ही पद्धत का आली, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. पूर्वी हे संच खोक्यात, चकतीवर मिळत. एकदा विकले की गिऱ्हाईक पाच-सात वर्षे दुकानाकडे फिरकत नसे. कंपनी नवी आवृत्ती काढी, तिची जाहिरात करी. पण पत्र लिहिणे आणि बेरीज करणे या दोन कामांत दर तीन वर्षांनी नवे ते काय घालणार? वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या ‘वर्ड’मध्ये तालुका कमिटीचे पत्रक जसे लिहिले जात होते तसेच ते आजही लिहिले जाते. गिऱ्हाईक तृप्त होते, आणि तृप्त गिऱ्हाईक हीच या धंद्याची अडचण होती. २०११ साली ‘ऑफिस ३६५’ आले. २०१३ साली अडोबी कंपनीने चित्रकाम आणि छपाईजुळणीच्या संचाच्या नव्या आवृत्त्या विकणेच थांबवले. यापुढे भाडे द्या, नाहीतर जुन्यावर भागवा, असा तो खाक्या होता. मायक्रोसॉफ्टने विक्री अगदी बंद केली नाही. २०२४ सालीही त्यांनी एकरकमी विकतचा संच काढला. मात्र तो दुकानाच्या मागच्या फळीवर असतो आणि भाड्याचा दर्शनी.

आता हिशेब. कंपनीने स्वतः जाहीर केलेल्या अमेरिकेतील दरांवरून तो मांडता येतो, आणि प्रमाण कळण्यास तेवढे पुरे. कचेरीत वापरण्याचा परवाना असलेला ‘ऑफिस २०२४’चा एकरकमी संच एका यंत्रासाठी २५० डॉलरला होता, आणि त्याला २०२९च्या ऑक्टोबरपर्यंत दुरुस्त्यांची हमी होती. लहान संस्थांसाठीच्या नेहमीच्या भाडे-योजनेचा वार्षिक कराराने दर दरमहा साडेबारा डॉलर, म्हणजे वर्षाला १५० होता. पाच संगणकांची आणि पाच माणसांची कचेरी धरली तर पाच वर्षांत विकतचे १,२५० आणि भाड्याचे ३,७५० डॉलर होतात. तिप्पट. भाड्यात टपालपेटी, साठवणूक आणि दूरदृश्य बैठकांची सोय अंतर्भूत असते, एकाच माणसाला अनेक यंत्रांवर संच चालवता येतो, हे खरे. विक्रेता ते सांगितल्याशिवाय राहणार नाही. त्याने न सांगण्याची गोष्ट ही की, साडेबाराचा दर १ जुलै २०२६ पासून चौदा करण्याचे कंपनीने २०२५च्या डिसेंबरातच जाहीर केले.

भारतातल्या घरगुती योजनेचे उदाहरण अधिक बोलके आहे. एका व्यक्तीसाठी वर्षाला ४,८९९ रुपये असलेला दर २०२५च्या जानेवारीत ६,८९९ झाला. एका झटक्यात चाळीस टक्के. कारण काय, तर संचात ‘कोपायलट’ नावाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक घातला. तो हवा आहे का, असे भाडेकरूला आधी विचारले नव्हते. त्या सहायकाविना जुन्या दराची एक योजना उपलब्ध होती. पण ती पुरेशी स्पष्टपणे सांगितली नाही, असा आरोप ठेवून ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कंपनीला न्यायालयात खेचले. तिथल्या सुमारे २७ लाख ग्राहकांचा तो प्रश्न होता. कंपनीने पुढे माफी मागितली आणि परताव्याची तयारी दाखवली. घरात बिऱ्हाड थाटून झाल्यावर मालकाने अंगणात कारंजे बांधावे आणि त्याबद्दल भाडे वाढवावे, असा हा प्रकार होता.

नागपूरच्या मुलखाला अशा व्यवहाराची जुनी ओळख आहे. इंग्रजांनी १८६०च्या दशकातील बंदोबस्तात मालगुजारांना, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या मध्यस्थांना, गावांच्या मालकीचे हक्क देऊन टाकले. जो जमीन कसत होता तो कूळ राहिला. १९५०च्या कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून, मालगुजारी गेली. कुळांच्या मालकीसाठी विदर्भाला त्यानंतरही १९५८च्या कुळकायद्याची वाट पाहावी लागली. उपमा फार ताणू नये. मालगुजारांनी निदान तलाव राखले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडचे ‘मामा’ तलाव आजही धानाला पाणी देतात. आणि सॉफ्टवेअर ही जमीन नव्हे. जमीन एकाने घेतली की दुसऱ्याला उरत नाही. सॉफ्टवेअरची लाखावी प्रत काढायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. पहिली प्रत लिहिण्यात आणि ती निर्दोष ठेवण्यात मात्र खरे श्रम आहेत, आणि ते श्रम करणारी तरुण मुले-मुली मिहानमधल्या कंपन्यांतही आहेत. त्या श्रमाचे मोल द्यायलाच हवे. प्रश्न एवढाच की, ते मोल एकदा दिल्यावर वस्तू घेणाऱ्याच्या हाती यावी, की त्याने आपल्याच पत्रव्यवहारासाठी जन्मभर सारा भरत राहावे.

भाड्याच्या व्यवहारात पैशापेक्षा मोठी जोखीम कोणती, याचा दाखला २०२५च्या जुलैत देशाने पाहिला. गुजरातच्या किनाऱ्यावर वाडीनार येथे नायारा एनर्जी या कंपनीचा प्रचंड तेलशुद्धीकरण प्रकल्प आहे. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टची ४९ टक्क्यांहून किंचित अधिक भागीदारी आहे. १८ जुलैला युरोपीय संघाने रशियावरील निर्बंधांत तिचे नाव घातले, आणि थोड्याच दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिची सेवा थांबवली. टपाल बंद, बैठकांची सोय बंद, स्वतःच्याच कागदांपर्यंत पोचण्याची वाट बंद. आपण पैसे आगाऊ भरलेले आहेत, असे नायाराचे म्हणणे होते. भारतातल्या कोणत्याही कायद्याने तसे करण्यास सांगितलेले नव्हते, कोणत्याही भारतीय न्यायालयाचा हुकूम नव्हता. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि त्यानंतर सेवा पूर्ववत झाली. नायारासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही; तिच्याकडे वकील आहेत, पैसा आहे. पण जिथे अशा कंपनीला आपले टपाल परत मिळवण्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, तिथे नरखेडच्या पतसंस्थेने किंवा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगारांच्या संघटनेने कोणाचे दार ठोठावायचे? त्यांच्यावर युरोपीय संघ निर्बंध घालणार नाही, हे उघड आहे. पण कार्डाची मुदत संपणे, बँकेने परदेशी देणे अडवणे, जुना चिटणीस पासवर्ड न देता निघून जाणे, एवढी साधी कारणेही कुलूप लागायला पुरतात.

म्हणून भाडे सर्वथा वाईट, असे म्हणणे हा हेकटपणा ठरेल. सभेसाठी दऱ्या-खुर्च्या बिछायत केंद्रातून आणाव्यात. त्या विकत घेऊन गोदामात कुजवण्यात शहाणपण नाही. निवडणुकीच्या अडीच महिन्यांत प्रचार कचेरीला आठ संगणक लागत असतील आणि निकालानंतर दोनच उरणार असतील, तर सहा संचांचे अडीच महिन्यांचे भाडे हीच काटकसर आहे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात जी बिऱ्हाडे येऊन पडतात, त्यांचेही तेच. एकाच मसुद्यावर चार जिल्ह्यांतल्या माणसांनी एकाच वेळी काम करायचे असेल तर भाड्याच्या योजनांतली सोय खरोखर उत्तम आहे, हेही मान्य करावे. पण दऱ्या भाड्याने आणणारी संस्था दप्तराचे कपाट भाड्याने आणत नाही.

तर मग विकत घ्यावे आणि मोकळे व्हावे? इथे थांबायला हवे. कारण विकत घेतलेल्या संचाबद्दल एक मोठा गैरसमज रूढ आहे. पैसे एकरकमी दिले म्हणून वस्तू मालकीची होत नाही. मिळतो तो वापराचा परवाना, बहुधा एकाच यंत्रापुरता, आणि दुरुस्त्यांची हमी पाच वर्षांची. ‘ऑफिस २०२१’ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी आधीच ठरलेली होती. गोदरेजचे टंकयंत्र एकदा घेतले की तीन चिटणीस बदलले तरी चाले. फीत बदलावी, तेल द्यावे. या संचांचे तसे नाही. आणि परवाना कितीही पक्का असला तरी ज्या साच्यात कागद जतन केला तो साचाच परका असेल तर मालकी नावापुरती राहते.

मराठी माणसाला हे युरोप-अमेरिकेच्या उदाहरणांवरून शिकण्याची गरज नाही. १९९० नंतरच्या वीस वर्षांत मराठी मजकूर ज्या पद्धतीने संगणकावर चढला, ती कथा आठवावी. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव, सी-डॅकची आयएसएम अशा अनेक व्यवस्था होत्या, आणि त्यांनी मराठी छपाईवर उपकार केले, यात शंका नाही. पण युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी प्रत्येकीची अक्षरांची सांकेतिक मांडणी वेगळी होती. एका व्यवस्थेत टंकलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर नेला, आणि तिथे तो फॉन्ट नसला, की ‘अध्यक्षीय भाषण’ हे शब्द कंस, टिंबे आणि इंग्रजी अक्षरे यांची रास होऊन बसत. काही संचांबरोबर संगणकाच्या पाठीमागे खोचण्याचे एक लहानसे कुलूप येई; ते हरवले की विकत घेतलेला संच मुका होई. या सगळ्या वस्तू भाड्याच्या नव्हत्या, रोखीने घेतलेल्या होत्या. तरीही त्या काळातल्या स्मरणिका, घटनादुरुस्त्यांचे मसुदे, सभासदांच्या याद्या आज कित्येक संस्थांत चकत्यांवर पडून आहेत आणि वाचता येत नाहीत. त्याच कपाटात १९६०च्या सुमाराचे शाईने लिहिलेले ठरावबुक मात्र कोणीही उघडून वाचू शकतो. रूपांतराची साधने आता आहेत, पण त्यासाठी माणूस बसवावा लागतो. आणि तो बसवण्याचा खर्च कोणत्याही दरपत्रकात लिहिलेला नव्हता.

तेव्हा विकत की भाड्याने, या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न आहे: हा कागद हा संच नसताना उघडेल का? उघडेल असा साचा उपलब्ध आहे. ओपन डॉक्युमेंट हा खुला साचा २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्याची संपूर्ण रचना प्रसिद्ध आहे आणि कोणीही त्यावर संच बांधू शकतो. मायक्रोसॉफ्टने आपल्या साच्यालाही तेच मानक मिळावे म्हणून जोर लावला, तेव्हा २००७ साली भारतीय मानक ब्यूरोने विरोधी मत दिले आणि २००८च्या फेरविचारातही ते बदलले नाही. तो साचा मानक झालाच. परंतु दिल्लीतल्या एका समितीने त्या वेळी दाखवलेला ताठपणा नोंदवण्याजोगा आहे. केंद्र सरकारने पुढे २०१० साली शासकीय व्यवहारात खुल्या मानकांचे आणि २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरणही जाहीर केले. धोरण कागदावर राहिले. त्याच सरकारच्या आयकर खात्याने विवरणपत्रे भरण्यासाठी वर्षानुवर्षे ‘एक्सेल’वरच नीट चालणारे तक्ते लोकांच्या हाती दिले.

खुल्या साच्यावर चालणारा, मोफत आणि कितीही यंत्रांवर कायदेशीरपणे बसवता येणारा लिबरऑफिस हा संच २०१० पासून आहे. तो मराठीतही चालतो. पत्रक, ठराव, इतिवृत्त, सभासद यादी, साधे पगारपत्रक यासाठी तो पुरतो. तो सर्वांना, सर्व कामांना पुरतो असे सांगणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. गुंतागुंतीचे तक्ते आणि त्यांत लिहिलेल्या स्वयंचलित आज्ञा बिघडतात; बाहेरून आलेल्या ‘वर्ड’च्या कागदाची मांडणी हलते आणि ऐन वेळी कामगार न्यायालयात द्यायच्या अर्जाचे पान सात ओळींनी पुढे सरकते. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ साली मुक्त प्रणालीकडे जायचे ठरवले, दहा वर्षे खपून सुमारे १५ हजार यंत्रे बदलली आणि २०१७ साली परत विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. त्याच देशातल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ साली ३० हजार यंत्रांवर लिबरऑफिस आणण्याचे ठरवले. केरळने शाळांपासून सुरुवात केली. तिथे दोन दशके शालेय संगणक मुक्त प्रणालीवर चालत आले आहेत, शिक्षकांना तीच शिकवली जाते, म्हणून मुलांना तिची धास्ती वाटत नाही.

महाराष्ट्राने उलट केले. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम खेडोपाडी पोचला. लक्षावधी मुलामुलींनी त्यातून प्रथमच संगणकाला हात लावला, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. नावातला ‘एमएस’ म्हणजे महाराष्ट्र स्टेट. पण गावोगावी तो मायक्रोसॉफ्टचाच समजला गेला, आणि वर्गात जे शिकवले जाई ते पाहता ती समजूत अगदीच खुळी नव्हती. शासकीय सेवेसाठी ते प्रमाणपत्र आवश्यक ठरले. न मिळवणाऱ्यांच्या वेतनवाढींवर टाच आली. म्हणजे एका परदेशी कंपनीच्या संचाची सवय लावण्याचा खर्च उमेदवारांच्या फीमधून, सक्तीने झाला. आज एखाद्या संघटनेची कार्यालयीन सेविका “मला वर्डच येते” असे म्हणते तेव्हा तिला हट्टी ठरवू नये. तिला जे शिकवले गेले तेच ती सांगते आहे. मुक्त संच आणायचा तर तिला चार दिवस पगारी शिकवणी आणि महिनाभर चुका करण्याची सवड देण्याचा ठराव आधी करावा लागेल. तसे न करता एका रविवारी परस्पर संच बदलणे ही नोकरशाहीची रीत झाली.

याच संदर्भात एक विसंगती डोळ्यांत भरते. ग्रामपंचायतींत संगणकावर दाखले काढून देणारे परिचालक थकलेल्या मानधनासाठी आणि किमान वेतनासाठी वर्षानुवर्षे झगडत आले आहेत. हिवाळी अधिवेशनावर त्यांचे मोर्चे नागपूरने पाहिले आहेत. परवान्याचे पैसे थकले तर पडदा काळा होतो, म्हणून ते वेळेवर जातात. माणसाचे थकले तरी तो दुसऱ्या दिवशी कामावर येतो.

कडू असले तरी आणखी एक सांगितले पाहिजे. चळवळीतल्या कित्येक कचेऱ्यांना हा प्रश्न कधी पडलाच नाही, कारण त्यांच्या यंत्रांवर चोरीची प्रत आहे. जोडणी करून देणाऱ्याने संगणकाबरोबर ती फुकट टाकून दिली आणि कोणी विचारले नाही. मक्तेदाराचे नुकसान होते तर होऊ द्या, असा युक्तिवादही अधूनमधून ऐकू येतो. त्यात दम नाही. चोरीची प्रत मक्तेदाराचीच सवय पक्की करते. आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार जाणूनबुजून अशी प्रत वापरणाऱ्याला सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. संप ऐन रंगात असताना संघटनेच्या कचेरीवर या कलमाखाली छापा पडला आणि सभासद यादीसह संगणक जप्त झाला, तर तक्रार करणारा मालक असेल आणि संधी संघटनेने दिलेली असेल. शिवाय अशा प्रतींबरोबर येणारे विषाणू ज्या दप्तरात शिरतात ते सभासदांच्या आधार क्रमांकांचे आणि बँक खात्यांचे असते.

स्वदेशी कंपनीचे भाडे दिले की प्रश्न सुटतो, असाही एक सूर २०२५ साली वर आला. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आपल्या अधिकाऱ्यांना झोहो या तमिळनाडूतल्या कंपनीचा कचेरी-संच वापरण्यास सांगितले. केंद्राच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे टपालही तिच्याच व्यवस्थेवर नेण्यात आले. ब्रुसेल्सच्या हुकुमाने टपाल बंद पडण्याची भीती त्यामुळे कमी होते, हा लाभ खरा आहे. पण घरमालक गावातला झाला म्हणून भाडेचिठ्ठीचे खरेदीखत होत नाही. त्यापेक्षा किर्द-खतावणीसाठी नागपूरच्या बाजारात घरोघर असलेल्या टॅलीची जुनी रीत बरी: परवाना एकदा घ्यावा, वार्षिक सेवा हवी तर घ्यावी, ती न घेतली तरी आधीची आवृत्ती आणि आधीचे हिशेब चालू राहतात. खरेदी आणि भाडे यांच्यामधली ही वाट कचेरी-संचांच्या कंपन्यांना ठाऊक नाही असे नव्हे.

राज्य सरकारही दिवसेंदिवस भाडेकरू होत चालले आहे, आणि त्याची एक चाचणी नागपुरातच झाली. पोलीस तपासासाठी ‘महाक्राइमओएस’ नावाची, मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर व्यवस्थेवर उभारलेली प्रणाली शहरातील २३ पोलीस ठाण्यांत वापरून पाहण्यात आली. २०२५च्या डिसेंबरात ती राज्यातील अकराशे ठाण्यांना देण्याची घोषणा झाली. तपासाला वेग येत असेल तर तो हवाच आहे. परंतु गुन्ह्यांचे हे दप्तर कोणत्या साच्यात राहील, करार संपला तर ते शासनाच्या हाती कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत येईल, दर कोण ठरवील, हे विधिमंडळाच्या पटलावर मांडले गेले पाहिजे. कागद कितीही गोपनीय असला तरी ही तीन उत्तरे गोपनीय असण्याचे कारण नाही.

शासनाचे शासन पाहील. कार्यकर्त्यांच्या हाती आहेत त्या कचेऱ्यांचे काय? ज्यांचे काम पत्रके, ठराव आणि याद्या एवढेच आहे त्यांनी लिबरऑफिस घ्यावे आणि वाचलेल्या पैशांतून सेविकेच्या शिकवणीचा खर्च व एक जादा हार्ड डिस्क मंजूर करावी. ज्या पतसंस्थांना लेखापरीक्षकाकडून आलेले अवघड तक्ते चालवावेच लागतात त्यांनी त्या एका यंत्रापुरता एकरकमी संच घ्यावा. सगळ्या टेबलांवर तो लागत नाही. भाडे केवळ मोहिमेपुरते, अखेरची तारीख ठरावात लिहून, आणि खाते कोणा चिटणिसाच्या खासगी टपालावर नव्हे तर संस्थेच्या नावावर. आणि संच कोणताही असो, दरवर्षी ३१ मार्चला किर्द बंद होते त्या दिवशी वर्षभराचे सर्व कागद खुल्या साच्यात व मराठी युनिकोडमध्ये उतरवून त्यांच्या दोन प्रती काढाव्यात: एक कचेरीच्या कपाटात, एक कोषाध्यक्षाच्या घरी. सभासद यादी आणि ठराव तेवढे कागदावर छापून, सही-शिक्क्यानिशी, जुन्या ठरावबुकांशेजारी ठेवावेत.